तापमानाचे उच्चांक आणि पृथ्वीची जुनी खतावणी

तापमानाच्या शास्त्रीय नोंदी ठेवावयास प्रारंभ झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष म्हणून २०२४ ची नोंद झाली. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाप्रमाणे त्या वर्षी पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या कालखंडातील सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंश सेल्सियसने अधिक होते. त्यापूर्वीचा उच्चांक २०२३ चा. आणि २०१५ ते २०२४ ही दहा वर्षे तोवरच्या नोंदींतील सर्वाधिक उष्ण अशी दहा वर्षे ठरली. भारतापुरते बोलावयाचे, तर १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हेच सर्वांत उष्ण वर्ष असल्याचे भारतीय हवामानशास्त्र विभागाने जाहीर केले.

एका वर्षाच्या आकड्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, हे मान्य केले पाहिजे. पॅरिस करारातील दीड अंशाची मर्यादा अनेक वर्षांच्या सरासरीने मोजावयाची असते. शिवाय २०२३ व २०२४ या वर्षांच्या उष्णतेस प्रशांत महासागरातील ‘एल निनो’चा हातभार लागला होता, हेही खरे. परंतु एल निनो पूर्वीही येत होते आणि तेव्हाचे तापमान या पातळीच्या आसपासही जात नव्हते. भरतीची लाट उंच चढली असे म्हणताना मूळ पाणीच चढले आहे की काय, हे पाहावयास नको काय?

या आकड्यांना एक ठरीव उत्तर नेहमी ऐकू येते. पृथ्वीचे हवामान पूर्वीही बदलत आलेले आहे. हिमयुगे आली आणि गेली, तेव्हा गिरण्या नव्हत्या आणि मोटारीही नव्हत्या. मग आजच्याच बदलाचा एवढा गहजब कशासाठी? हे उत्तर देणाऱ्यांत चांगले सुशिक्षित आणि व्यवहारचतुर लोक असतात, म्हणून त्याची दखल गंभीरपणे घ्यावयास हवी. या युक्तिवादाचा पूर्वार्ध संपूर्णतया सत्य आहे. मात्र त्या पूर्वार्धाचा नीट अभ्यास केला, म्हणजे त्यातून निघणारा निष्कर्ष युक्तिवाद करणाऱ्यांच्या अपेक्षेच्या नेमका उलट असल्याचे दिसून येते. आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकास तर तो विशेषच अस्वस्थ करणारा आहे.

बर्फात कोंडलेली हवा

पृथ्वीच्या जुन्या हवामानाची खतावणी अंटार्क्टिकाच्या बर्फात लिहिलेली आहे. तेथे पडणारे हिम वितळत नाही; दरवर्षीचा थर आधीच्या थरावर साचतो, वरच्या भाराने दबतो आणि त्याचे बर्फ होताना हिमकणांमधील हवा बुडबुड्यांच्या रूपाने त्यात कायमची कोंडली जाते. क्लोद लोरियस या फ्रेंच संशोधकाने १९६५ साली अंटार्क्टिकातील मुक्कामात खोलवरच्या बर्फाचा तुकडा व्हिस्कीच्या पेल्यात टाकला, तेव्हा त्यातून सुटणारे बुडबुडे पाहून ही हवा म्हणजे प्राचीन वातावरणाचा नमुनाच होय, हे त्याच्या ध्यानात आले. बुडबुड्यांतील हवेवरून त्या काळी वातावरणात कार्बन डायॉक्साइड, म्हणजे कर्बवायू, किती होता ते कळते. तर बर्फातील जड आणि हलक्या हायड्रोजनच्या प्रमाणावरून ते हिम पडले तेव्हाचे तापमान काढता येते. एकाच पानावर जमा आणि खर्च दोन्ही मांडलेले असावेत, तसा हा प्रकार आहे.

या संशोधनाचे एक मोठे केंद्र म्हणजे रशियाचे व्होस्तोक हे ठाणे. २१ जुलै १९८३ रोजी येथे उणे ८९.२ अंश सेल्सियस इतके तापमान नोंदले गेले. जगातील वाढत्या उष्णतेचा अर्थ समजावून देणारा पुरावा अशा ठिकाणाहून यावा, हा एक योगायोगच होय. सोव्हिएत अभियंत्यांनी वेधनाचे काम केले, फ्रेंच प्रयोगशाळांनी बर्फाचे पृथक्करण केले आणि अमेरिकी विमानांनी वाहतुकीस साहाय्य केले; शीतयुद्ध ऐन भरात असताना हे सहकार्य चालू होते. १९९८ साली हे वेधन ३,६२३ मीटर खोलीपर्यंत पोहोचले आणि ४ लाख २० हजार वर्षांचा वृत्तान्त हाती आला. पुढे युरोपीय राष्ट्रांनी ‘डोम सी’ येथे केलेल्या वेधनातून ही नोंद ८ लाख वर्षांपर्यंत मागे गेली.

या ८ लाख वर्षांत हिमयुगे आणि त्यांमधील उबदार कालखंड आलटून पालटून आले. या सर्व काळात वातावरणातील कर्बवायूचे प्रमाण दर दहा लक्ष भागांत सुमारे १८० आणि ३०० भाग यांच्या दरम्यान राहिले. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते सुमारे २८० होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. २०२४ ची जागतिक सरासरी ४२४ च्या घरात गेली. आठ लाख वर्षांच्या खतावणीत ज्या रकान्याने तीनशेचा आकडा जेमतेम गाठला, त्या रकान्याने एका माणसाच्या आयुष्यात शंभराहून अधिक अंकांची उडी घेतली आहे.

पहिला धक्का आणि गुणक

मग कारखान्यांवाचून हिमयुगे आली-गेली कशी? सर्बियन गणिती मिलुटिन मिलान्कोविच यांनी याचे उत्तर पृथ्वीच्या कक्षेत शोधले. कक्षेचा आकार, आसाचा कल आणि आसाची परांचन गती यांत हजारो वर्षांच्या आवर्तनाने फरक पडत असतो व त्यामुळे उत्तर गोलार्धातील उन्हाळ्याचे ऊन कमी-अधिक होते. सागरतळाच्या गाळातील पुराव्यावरून हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी १९७६ साली या उपपत्तीस भक्कम आधार दिला. पण येथे एक कोडे उरते. कक्षेतील फरकाने पृथ्वीला वर्षभरात मिळणाऱ्या एकूण उष्णतेत पडणारा फरक अगदीच किरकोळ असतो. एवढ्याशा निमित्ताने जगाचे सरासरी तापमान पाच-सहा अंशांनी कसे बदलावे?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास या ठिकाणी केन्सच्या गुणकाची आठवण होईल. प्रारंभीचा खर्च लहान असतो. पण एकाचा खर्च ते दुसऱ्याचे उत्पन्न, या न्यायाने त्याचा अंतिम परिणाम कितीतरी मोठा होतो. हवामानाचेही तसेच. ऊन किंचित वाढले की बर्फ मागे हटते. त्याखालची काळी जमीन आणि पाणी अधिक उष्णता शोषून घेतात. सागर तापू लागले की त्यांतील कर्बवायू वातावरणात येतो. आणि तो वायू उष्णता धरून ठेवीत असल्याने तापमान आणखी वाढते. अंटार्क्टिकात आधी तापमान वाढले आणि मग कर्बवायू, असे दाखवून या वायूला निर्दोष ठरविणारे पुष्कळ आहेत. त्या काळी पहिला धक्का कक्षेने दिला होता, एवढेच त्यावरून सिद्ध होते. कर्बवायू उष्णता अडवितो, हे जॉन टिंडल यांनी १८५९ साली प्रयोगशाळेत दाखविले होते आणि स्वांत आर्ऱ्हेनियस यांनी १८९६ साली त्याचे गणितही मांडले होते. आज पहिला धक्का कोळसा आणि तेल जाळून आपण देत आहोत. गुणकाची यंत्रणा मात्र तीच, जुनीच आहे. भूतकाळाचा पहिला धडा हा, की पृथ्वीचे हवामान लहान निमित्तालाही मोठा प्रतिसाद देते. जे हवामान कक्षेच्या हलक्या स्पर्शाने हलते, ते आपल्या धक्क्याने हलणार नाही असे मानणे हा तर्कदोष होय.

दुसरा धडा वेगाचा आहे. गेल्या हिमयुगाच्या अखेरीस कर्बवायूचे प्रमाण सुमारे ८० अंकांनी वाढले. त्यास सुमारे सात हजार वर्षे लागली. आज तितकी वाढ होण्यास चार दशकेही पुरतात. त्याहून फार मागे, ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, कर्बवायूच्या मोठ्या उत्सर्गामुळे पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली होती. त्या वेळी सागर आम्लधर्मी झाले आणि खोल सागरतळावरील अनेक सूक्ष्म जीवजाती नष्ट झाल्या. सागरगाळाच्या अभ्यासावरून असे अनुमान निघते, की तेव्हाच्या उत्सर्गाचा वार्षिक वेग आजच्या एक-दशांशाच्या जवळपास होता. ते हवामान पूर्वपदावर येण्यास लाखाहून अधिक वर्षे लागली. पावसाच्या पाण्यातील कर्बवायूची खडकाशी संयोग होऊन त्याचा चुनखडक होण्याची क्रिया, ही निसर्गाची कर्जफेडीची पद्धत. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण हे काम कोट्यवधी वर्षे करीत आला आहे. पण त्याची गती भूशास्त्राची आहे, पंचवार्षिक योजनेची नव्हे.

अकरा हजार वर्षांचे स्थैर्य

तिसरा धडा आपल्या व्यवहाराशी अधिक निगडित आहे. शेवटचे हिमयुग ओसरल्यानंतरची सुमारे ११,७०० वर्षे हा हवामानाच्या दृष्टीने असामान्य स्थैर्याचा काळ ठरला. शेती, गावे, लिपी, नाणी, राज्ये, बाजारपेठा, सारसंपत्तीचे हक्क हे सारे या एकाच शांत कालखंडाचे अपत्य आहे. माणूस शरीराने आजच्यासारखा होऊन लाखो वर्षे झाली होती. पण त्याला नांगर धरता आला तो ऋतूंचा भरवसा वाटू लागल्यावर, असे मानण्यास पुष्कळ आधार आहे.

आणि या स्थैर्यातील लहानसे हेलकावेही माणसाला जड गेले. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी जगाच्या अनेक भागांत दीर्घ अवर्षण पडले. त्याची खूण मेघालयातील मॉम्लुह गुहेतील चुनखडकाच्या स्तंभात सापडली, आणि त्यावरून भूशास्त्रज्ञांनी २०१८ साली तेव्हापासूनच्या काळास ‘मेघालयन’ असे नाव दिले. सिंधू संस्कृतीच्या ऱ्हासाशी या अवर्षणाचा संबंध अनेक अभ्यासक जोडतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननाची कथाही अशीच बोलकी आहे. तेथील जोर्वे संस्कृतीच्या शेतकऱ्यांनी चौकोनी प्रशस्त घरे बांधली होती. पाणी वळविण्यासाठी बांध आणि पाटही काढला होता. इसवी सनापूर्वी सुमारे १००० नंतर मात्र घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि शेतीपेक्षा शेळ्या-मेंढ्या व शिकार यांवरचा भर वाढला. मधुकर ढवळीकर यांनी याचे कारण वाढत्या कोरडेपणात शोधले. त्या उपपत्तीबद्दल मतभेद होऊ शकतील. पण पाऊस हटला की पाटबंधारे असलेले गावही दोन-तीन शतकांत मेंढपाळांची वस्ती होऊ शकते, ही शक्यता नाकारता येत नाही. आणि हे सारे घडले तेव्हा जगाच्या सरासरी तापमानातील चढउतार आजच्या वाढीच्या तुलनेने किरकोळ होता.

आमच्या शास्त्राने हे स्थैर्य गृहीतच धरले. रिकार्डोने १८१७ साली खंडाची व्याख्या करताना जमिनीच्या अंगभूत शक्ती अविनाशी मानल्या. पाऊसमान हे त्या शक्तींपैकीच एक. आणि ते अविनाशी आहे ही समजूत पीककर्जापासून धरणाच्या सांडव्यापर्यंत सर्व हिशेबांच्या तळाशी आहे.

समुद्राची मुदतीची हुंडी

भूतकाळाचा चौथा धडा समुद्राचा. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी, इतके पाणी बर्फात अडकले होते की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरनी खाली होती. मुंबईच्या पश्चिमेस ज्या ‘बॉम्बे हाय’ क्षेत्रातून १९७० च्या दशकापासून आपण तेल काढीत आलो, तेथे पाण्याची खोली सुमारे पाऊणशे मीटर आहे. म्हणजे त्या काळी तेथे कोरडी जमीन असली पाहिजे. तो प्रदेश बुडाला तो तापमान पाच-सहा अंशांनी वाढल्यामुळे. आणि आज त्याच ठिकाणचे तेल जाळून आपण पुढच्या वाढीस हातभार लावीत आहोत.

उलट बाजूचा पुरावाही उपलब्ध आहे. सुमारे १ लाख २५ हजार वर्षांपूर्वी पृथ्वीचे तापमान औद्योगिक क्रांतीपूर्व काळापेक्षा अर्धा ते दीड अंश अधिक, म्हणजे साधारण आजच्याइतकेच होते. तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा ५ ते १० मीटर उंच होती. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी कर्बवायूचे प्रमाण आजच्या जवळपास होते. तेव्हा समुद्र आणखी वर होता. मग आज आपले किनारे जागेवर कसे? बर्फ वितळण्यास वेळ लागतो, म्हणून. हुंडी लिहून झाली आहे, तिची मुदत अद्याप भरलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरशासकीय मंडळाच्या अनुमानाप्रमाणे तापमानवाढ दीड अंशावर थोपविली तरी येत्या दोन हजार वर्षांत समुद्र २ ते ३ मीटर चढेल. दोन अंशांवर थोपविली तर २ ते ६ मीटर. पहिला हप्ता वसूल होऊ लागला आहे. १९०१ ते २०१८ या काळात समुद्र सुमारे २० सेंटिमीटर चढला, आणि १९९३ पासूनच्या उपग्रह-मोजणीत वाढीचा वार्षिक वेग दुपटीहून अधिक झाल्याचे आढळते. ज्या मुंबईचा मोठा भाग भराव घालून समुद्राकडून मिळविलेला आहे, तिला या आकड्यांचा अर्थ निराळा सांगावयास नको.

वटावाचे गणित

येथे अर्थशास्त्राची खरी कसोटी लागते. पुढे होणाऱ्या लाभ-हानीचे आजचे मूल्य काढण्यासाठी आम्ही वटाव-दर लावतो. शंभर वर्षांनी होणारे १ लाख रुपयांचे नुकसान दरसाल ५ टक्के दराने आजच्या हिशेबात सुमारे ७६० रुपयांचे ठरते, ३ टक्क्यांनी ५,२०० रुपयांचे, आणि १.४ टक्क्यांनी जवळजवळ २५ हजारांचे. २००६ साली निकोलस स्टर्न यांच्या अहवालाने तातडीच्या उपायांची शिफारस केली, तेव्हा विल्यम नॉर्डहाउस यांनी मुख्य आक्षेप घेतला तो त्यातील कमी वटाव-दरावर. नॉर्डहाउस यांना पुढे २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वाद दोन थोर अर्थशास्त्रज्ञांचा आहे. पण सामान्य नागरिकाने त्यातील मर्म जाणून घेतले पाहिजे. तापमान, पाऊस, पीक या कशाबद्दलही मतभेद नसताना केवळ व्याजाचा एक आकडा बदलल्याने ‘आज उपाय करा’ याचे ‘सावकाश करा’ होते. आणि दोन हजार वर्षांच्या मुदतीची हुंडी तर कोणत्याही प्रचलित दराने शून्यच भरते.

गरीब देशाने उंच वटाव-दर लावणे स्वाभाविक आहे, असे म्हटले जाते. आजच्या भुकेपुढे नातवंडांच्या गैरसोयीची चिंता कोण करणार? शिवाय नातवंडे आपल्यापेक्षा श्रीमंत असतील. या म्हणण्यात तथ्यांश आहे. परंतु भावी पिढी अधिक श्रीमंत असेल हे अनुमान आपण गेल्या दोन शतकांच्या अनुभवावरून काढतो, आणि ती दोन शतके अकरा हजार वर्षांच्या स्थैर्याच्या छायेत गेली. जे स्थैर्य मोडण्याची किंमत काढावयाची, तेच टिकून राहील असे धरून वटाव-दर ठरविणे, हे ज्या जामिनाची पत तपासावयाची त्याच्याच शब्दावर त्याला कर्ज देण्यासारखे आहे. फ्रँक रॅम्सी यांनी १९२८ मध्येच केवळ पुढचे आहे म्हणून पुढच्यांचे सुख कमी लेखणे नीतीला धरून नाही, असे मत मांडले होते. त्यांच्या समीकरणांचा आमच्या शास्त्राने भरपूर वापर केला. मत मात्र बाजूला ठेवले.

ऋण कोणाचे?

हे ऋण समान वाटून काढलेले नाही, हे ठासून सांगितले पाहिजे. खनिज इंधनांतून आजवर झालेल्या एकूण उत्सर्गात एकट्या अमेरिकेचा वाटा जवळपास एक-चतुर्थांश आहे. भारताचा चार टक्क्यांहून कमी. २०२४ साली बाकू येथील परिषदेत श्रीमंत राष्ट्रांच्या पुढाकाराने २०३५ पर्यंत वर्षास ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे ठरले, ते भारतासह अनेक देशांनी अपुरे ठरविले. ही तक्रार न्याय्य आहे आणि ती करीत राहिले पाहिजे. परंतु न्यायाचा वाद चालू असताना वातावरण तहकुबी देत नाही. भारताने निव्वळ उत्सर्ग शून्यावर आणण्यासाठी २०७० हे साल जाहीर केले आहे. तोवर बांधली जाणारी बंदरे, किनारी रस्ते, धरणे आणि औष्णिक केंद्रे कोणत्या समुद्रपातळीवर, कोणत्या पावसावर आणि कोणत्या उन्हाळ्यावर हिशेब करून बांधावयाची, हे ठरविण्यासाठी वॉशिंग्टनची संमती लागत नाही.

निदान तीन गोष्टी आपल्या हातातील आहेत. शंभर वर्षे टिकावयाच्या सार्वजनिक कामांचे मूल्यमापन वीस वर्षांच्या कारखान्याच्या वटाव-दराने होऊ नये. त्यांसाठी वेगळा, कमी दर असावा. किनाऱ्यावरील प्रत्येक मोठ्या योजनेच्या अहवालात समुद्रपातळीच्या वाढीचा रकाना सक्तीचा असावा आणि तो लोकांना पाहावयास मिळावा. आणि उन्हात राबणाऱ्या बांधकाम मजुराचे व शेतमजुराचे बुडणारे श्रमतास राष्ट्रीय हिशेबात नुकसान म्हणून धरले जावेत; कारण ही हुंडी सर्वांआधी त्याच्या दारात वटविण्यासाठी येत आहे.

पृथ्वीने याहून मोठे उत्पात सोसले आहेत. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचे पठार लाव्ह्याखाली गेले, डायनोसॉर नाहीसे झाले, तरी पृथ्वी राहिली. ती पुढेही राहील. प्रश्न सातबारा, पीककर्ज, विमा, बंदर आणि बाजार या आपल्या व्यवस्थेचा आहे, आणि हिने स्थिर हवामानावाचून दुसरे हवामान पाहिलेलेच नाही. हवामान पूर्वीही बदलले होते, असे म्हणणाऱ्यांना म्हणून एवढेच विचारावे: तेव्हा तुमचे खाते कोणत्या पेढीत होते?